तक्रारीस जागा नाही

मी अकरा वर्षं पोलीस ठाण्यात मुन्शी होतो. गाव वाशीमपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचं, म्युनिसिपालटी असलेलं, सरकीच्या वासाचं. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथली काही माणसं अजून हयात आहेत, आणि त्यांच्या नजरेला नजर देण्याची माझी हिंमत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मुन्शी म्हणजे ठाण्यातला लिहिणारा. रोजनामचा, फिर्यादी, पंचनामे, कोंडवाड्याच्या पावत्या, विहिरीत सापडलेल्या बेवारस प्रेतांची वर्णनं, सगळं माझ्या हातचं. लोकांना पोलीस म्हटलं की लाठी आठवते. मी आयुष्यात लाठी दोनदा उचलली असेल, तीही साप मारायला. तेव्हा मी कोणाचं वाईट केलं नाही, असं म्हणत मी बरीच वर्षं सुखाने जेवलो.

ठाण्याचं वर्ष ठरलेलं असे. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या लागायच्या, की सरकी काढायच्या जिनाभोवतीच्या चोऱ्या सुरू. उन्हाळ्यात कडब्याच्या गंज्या पेटायच्या आणि भाऊबंदकीच्या फिर्यादी यायच्या. आखाडात जरा शांतता. मग पोळा. बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही, पण आमच्या भागात पोळ्याइतका नाजूक दिवस दुसरा नाही. तोरणाखालून पहिली जोडी कोणाची जाणार, या मानापायी सख्खे चुलते एकमेकांची डोकी फोडतात. बैल बिचारे झुली घालून उभेच राहतात. त्या दिवशी सगळं ठाणं खेड्यापाड्यांत पांगलेलं असे आणि मागे मी, एक पहारेकरी शिपाई आणि भिंतीवरचं घड्याळ एवढेच उरत असू.

दसरा मात्र ठाण्यातच व्हायचा. अंगण सारवलं जायचं. बंदुका, लाठ्या पाटावर मांडून पूजा व्हायची, बेड्यांनासुद्धा हळदकुंकू लागायचं. संध्याकाळी गाव सोनं द्यायला यायचं. आधी पाटील आणि दुकानदार, मग बाकीचे, आणि सगळ्यांच्या शेवटी निगराणीतले. चपला बाहेर काढून ते फौजदारांच्या, जमादारांच्या आणि माझ्या हातावर आपट्याची पानं ठेवायचे आणि पाया पडायचे. वर्षभर ज्यांना आम्ही दर आठवड्याला मोजायचो, ते आम्हाला सोनं द्यायचे. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा कोणालाच वाटत नव्हतं, मलाही नाही.

निगराणी म्हणजे काय ते सांगायला हवं. एकदा सजा झालेल्या माणसाचं नाव एका बुकात चढायचं. मग दर बाजाराच्या दिवशी सकाळी त्याने ठाण्यात येऊन अंगठा द्यायचा. परगावी जायचं तर चिठ्ठी घ्यायची. जवळच्या गावाला जमादाराची सही चाले. पण पैनगंगेपलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचा मुलूख. तिथे आमचा शिपाई जाऊ शकत नसे, म्हणून त्या चिठ्ठीवर खुद्द फौजदारांची सही लागायची. पाच वर्षं नीट गेली तर फौजदाराने शिफारस करावी आणि नाव काढावं, असं बुकाच्या पहिल्याच पानावर छापलेलं होतं. ते पान आम्ही कधी उघडत नव्हतो. बुक उघडलं की थेट यादीवर यायचो.

डिसेंबरच्या अखेरीस मी सालअखेरचा अहवाल लिहायचो. लिहायचो म्हणजे काय, मागच्या सालचा समोर ठेवायचो आणि आकडे बदलत उतरवून काढायचो. शेवटचं कलम असे, पोलीस आणि रयत यांचे संबंध. त्यात माझ्या आधीच्या मुन्शीने, की त्याच्याही आधीच्याने, एक वाक्य घालून ठेवलं होतं: 'रयतेचे पोलिसांशी संबंध सलोख्याचे असून तक्रारीस जागा नाही.' ते मी दरवर्षी तसंच उतरवत आलो. हात आपोआप चालायचा. निगराणीची यादीही अशीच उतरायची, कारण ती त्याच अहवालाला जोडलेली असे.

त्या यादीत एक गाडीवान होता. मूळचा मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा. एका टंचाईच्या साली पोटाच्या मागे आमच्या गावात आला आणि जिनाला कापूस वाहू लागला. कोणीतरी चोरलेली कापसाची दोन बोदं त्याच्या गाडीत सापडली. चोरणारे पळाले, गाडी याची, तेव्हा सजा याला झाली. सहा महिने. सुटून आल्यावर त्याने नऊ वर्षं एक हजेरी चुकवली नाही. तापाने फणफणला असताना स्वतःच्याच गाडीत आडवा पडून आला होता, बैलांना वाट पाठ होती. बायको केव्हाच वारली होती. एकच लेक, ती त्याने पैनगंगेपलीकडच्या एका गावी दिली होती.

ज्या दसऱ्याची गोष्ट सांगतो, त्या संध्याकाळी तो नेहमीसारखा शेवटी आला. माझ्या हातावर सोनं ठेवून तिथेच घुटमळला.

"मुन्शीजी, औंदा माहं नाव निघंल काय?"

"काहून रे? आताच काय निघालं?"

"नऊ वर्सं झाले जी. एकडाव पोरीच्या घरी बिनाचिठ्ठीचा जाचं हाय."

मला आधी कळलंच नाही. चिठ्ठी तर त्याला मिळत होती, फौजदार अडवत नव्हते. मग त्याने सांगितलं ते असं. भाऊ नाही म्हणून दिवाळीला लेकीला आणायला तोच जायचा. पण चिठ्ठीचा नियम असा, की पोचल्याबरोबर त्या गावच्या पाटलाला ती दाखवायची आणि मागे त्याची सही घ्यायची. म्हणजे लेकीचा उंबरा चढायच्या आधी पाटलाच्या ओसरीवर हात जोडून उभं राहायचं. तिथे बसलेल्या चार माणसांना ते दिसायचं. त्या गावात त्याचं नावच पडलं होतं चिठ्ठीवाला, आणि तिचं चिठ्ठीवाल्याची. सासू भांडताना तेच काढायची. मागल्या खेपेला परत येताना लेक त्याला गाडीत म्हणाली होती, "बा, तुमी नका येत जाऊ मले न्यायले."

माझ्याही घरी लेक होती.

"औंदा काढतो," मी म्हणालो. "डिसेंबरात कागद जाते वरते. त्यात तुहं नाव नसंल."

तो पाया पडला आणि गेला. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, की आज एक पुण्याचं काम होणार आहे. मला स्वतःचंच कौतुक वाटत होतं.

डिसेंबर आला. त्या वर्षी यादीतले दोघं मेले होते, तेव्हा यादी आपोआपच आखूड झाली होती. अकोल्याहून साहेब मुआयन्याला, म्हणजे ठाण्याच्या तपासणीला, यायचे होते. फौजदारांनी यादी पाहिली आणि हसून म्हणाले, "मुन्शी, अजून एक कमी झाला तर साहेब विचारतील, इथले चोर काय काशीला गेले?" त्यांनी कोणाचं नाव घेऊन म्हटलं नव्हतं. गाडीवानाचा विषय मी अजून काढलाच नव्हता. मी काढला असता तर ते बहुतेक हो म्हणाले असते, माणूस वाईट नव्हता. पण साहेबांचा शेरा माझ्याही कागदावर पडणार होता आणि माझी बढती त्याच कागदावर अडकली होती. मी तोंड उघडलं नाही. मागच्या सालची यादी समोर ठेवली, मेलेले दोघं गाळले आणि बाकीची उतरवून काढली. त्याचं नाव लिहिताना हात थांबला होता असं लिहायला मला आवडलं असतं, पण तो थांबला नव्हता.

जानेवारीत पहिल्या हजेरीला त्याने नुसतं माझ्याकडे पाहिलं.

"औंदा राह्यलं," मी म्हणालो. "पुढच्या साली नक्की."

"बरं जी," तो म्हणाला आणि अंगठा पुढे केला. का राहिलं ते त्याने विचारलं नाही. मी एक थाप तयार ठेवली होती, ती तशीच राहिली.

त्या साली पावसाळ्यात मोगलाईच्या बाजूला पटकी पसरली. पोळ्याच्या दिवशी सकाळी फौजदार सगळा फौजफाटा घेऊन एका खेड्यावर गेले होते. तिथे दोन घराण्यांत पहिल्या जोडीवरून आठ दिवस धुसफूस चालली होती. मी ठाण्यात लिहीत बसलो होतो. गाडीवान धापा टाकत आला. नदीपलीकडून आलेल्या एका माणसाने निरोप दिला होता, लेकीला पटकी झाली आहे, तिने बाचं नाव काढलं आहे.

"चिठ्ठी द्या मुन्शीजी."

"फौजदार नाहीत रे. जमादारबी त्याईच्याच संगं गेले. संध्याकाळलोक येतीन."

तो अंगणातल्या निंबाखाली बसला. बाहेर रस्त्यावरून सजवलेले बैल तोरणाकडे चालले होते, घुंगरं वाजत होती. त्याची स्वतःची जोडी घरी तशीच उभी होती, ना शिंगं रंगवलेली ना अंगावर झूल. दुपारी तो पुन्हा माझ्या टेबलाशी आला.

"जाऊ काय तसाच?"

आता माझ्या मेजाच्या खणात काय होतं ते सांगतो. ठाण्याचा शिक्का होता. कोऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. आणि फौजदारांची सही मला येत होती. कोंडवाड्याच्या पावत्यांवर, समन्सांच्या पोचवर, हजेरीच्या वहीवर त्यांची सही मीच ठोकत असे. त्यांना ते ठाऊक होतं, त्यांचा त्रास वाचत होता. पण मोगलाईतली चिठ्ठी परक्या मुलखातल्या माणसाच्या हाती पडणार, उद्या काही झालं तर ती साहेबांपुढे जाणार, असे सगळे विचार मी त्या एका क्षणात केले. मी भ्यालो. दुसरं काही नाही.

निदान त्याला जा म्हणायचं होतं. तेही मी केलं नाही. उलट म्हणालो, "येडा झाला काय? इतकी वर्सं निभावलं आन् आता मातीत घालतं काय? डिसेंबरात नाव काढाचं हाय नं तुहं? घडीभर दम धर."

त्याने दम धरला. माझ्यावर विश्वास ठेवून तो माणूस निंबाखाली बसून राहिला. यादीत त्याच्या नावापुढे 'चोर' लिहिलेलं होतं, आणि अख्ख्या गावात कायदा पाळणारा त्याच्यासारखा दुसरा नव्हता.

संध्याकाळी फौजदार आले नाहीत. त्या खेड्यात तोरणाखाली लाठ्या चालल्या होत्या, एक जण मेला होता. दुसरा दिवस पंचनाम्यात गेला. मी गाडीवानाला भाकरी दिली, ती त्याने पुढ्यात ठेवली आणि खाल्ली नाही. त्याने तिसऱ्यांदा विचारलंच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी फौजदार धुळीने माखलेले आले. मी धावत चिठ्ठी पुढे केली. त्यांनी गाडीतून खाली उतरण्याआधीच, चाकावर कागद ठेवून सही केली आणि म्हणाले, "एवढ्यासाठी थांबवलं काय याला?"

मी सहीवर टिपकागद दाबला आणि चिठ्ठी गाडीवानाच्या हातात दिली.

लेक आदल्या दिवशीच गेली होती. तो पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं. तरी आधी त्याने पाटलाची ओसरी गाठली होती. हे मला कसं ठाऊक? चिठ्ठीची मुदत संपली त्या दिवशी त्याने ती आणून माझ्या टेबलावर ठेवली. मागे पाटलाची सही होती आणि पोचल्याची वेळ. काय झालं ते त्याने एका वाक्यात सांगितलं. मी चिठ्ठी फायलीला लावली, तसाच नियम होता.

तेरवी नेमकी बाजाराच्या दिवशी आली. तो हजेरीला आला नाही. मी वहीत त्याच्या नावापुढची जागा दुपारपर्यंत मोकळी ठेवली, मग संध्याकाळपर्यंत ठेवली. दुसऱ्या दिवशी फौजदारांनी वही पाहिली. "तेरवीसाठी चिठ्ठी मागितली होती काय त्याने?" मी नाही म्हणालो. "मागितली असती तर मी दिली असती," ते म्हणाले, आणि ते खरं होतं. "पण नदीपार, बिनचिठ्ठीचा. सोडला तर बाकीचे उद्या तेच करतील. लिहा."

मी लिहिलं. खटला वाशीमच्या कोर्टात चालला. साक्षीला हजेरीची वही घेऊन मीच गेलो. अक्षर कोणाचं, असं विचारलं, मी माझंच म्हणालो. मग त्याला विचारलं, नियम ठाऊक असून चिठ्ठी का घेतली नाही.

"तेरवी व्हती जी," तो म्हणाला. "तिच्या घरी एकडाव तसंच जाचं व्हतं."

न्यायाधीशांना त्यातलं काही समजलं असेल असं वाटत नाही. कोर्टात ते समजणारा एकटा मी होतो, आणि मी वही बगलेत धरून उभा होतो. पंधरा दिवसांची साधी कैद झाली.

दसऱ्याच्या चार दिवस आधी तो सुटला. मला वाटलं होतं तो येणार नाही. मनातून मी तशी प्रार्थनाच करत होतो. अंगण सारवलेलं होतं, बेड्यांना हळदकुंकू लागलं होतं, त्यातली एक जोडी त्याच्या हातात पडून आलेली. पाटील आले, दुकानदार आले. सगळ्यांच्या शेवटी तो आला. डोक्यावर नुकते केस उगवले होते. त्याने फौजदारांना सोनं दिलं, शिपायांना दिलं आणि माझ्यापुढे आला. माझा हात वर होईना. त्याने तो स्वतःच्या हाताने उचलला, तळव्यावर पानं ठेवली आणि वाकून पाया पडला. एखादी शिवी दिली असती तर मी त्याचे उपकार मानले असते.

"औंदा नाव काढतो," मी हळूच म्हणालो. "मायची आन. काई झालं तं काढतो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. मी राग शोधला, तो तिथे नव्हता.

"राहू द्या मुन्शीजी," तो म्हणाला. "आता मले कुठी जाचं हाय?"

डिसेंबरात मी अहवालाला बसलो. त्या वर्षी पहिल्यांदा निगराणीच्या बुकाचं पहिलं पान उघडलं आणि नियम नीट वाचला. पाच वर्षं नीट गेली तर नाव काढावं. पण मधे सजा झाली तर पाच वर्षं पुन्हा पहिल्यापासून मोजावीत. पहिली पाच वर्षं सरल्यावरही त्याचं नाव तिथे फुकट पडून होतं, आणि आता ते कायद्याने तिथे बसत होतं. मी शिफारशीचा कागद तरीही लिहिला. फौजदारांनी तो वाचला, नियमाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि कागद मला परत दिला. त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मग मी मागच्या सालचा अहवाल समोर घेतला. निगराणीखाली लिहिलं, एक खटला, एक सजा. त्यावर पुढे साहेबांचा शेरा आला, काम समाधानकारक. माझी बढतीही त्याच साली झाली. शेवटच्या कलमापाशी आलो. दुसरं काय लिहावं ते सुचेना, आणि लिहिलं असतं तरी ते कोणाला पाठवायचं? मी गेल्या वर्षीचंच वाक्य उतरवलं. संबंध सलोख्याचे असून तक्रारीस जागा नाही. त्यात खोटं काढायला गेलं तर कोणाला ते काढताही आलं नसतं. त्याने तक्रार केलीच नव्हती.